झाकणाच्या आतला नंबर

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नंबर जुळत नाही!

दुकान उघडतेय तोच भिंगवाले दारात. हे आमचं सगळ्यात चिकित्सक गिऱ्हाईक. जुनी घड्याळं जमवतात, खिशात स्वतःचं भिंग घेऊन फिरतात, म्हणून मी त्यांना ठेवलेलं हे नाव. गेल्या महिन्यात आमच्याकडून विकत नेलेलं घड्याळ त्यांनी काउंटरवर ठेवलं आणि झाकण उघडलं. या कंपनीच्या जुन्या घड्याळांत झाकणाच्या आत आणि मशीनवरच्या पट्टीवर एकच नंबर कोरलेला असतो. इथे दोन वेगळे.

"पट्टी अस्सल आहे बाई, त्याच काळातली आहे. पण या घड्याळाची नाही. मग कुठल्या घड्याळाची?"

घड्याळासोबत दिलेल्या कार्डावर माझं अक्षर — 'सर्व भाग मूळ'. खाली माझी सही.

दादा आत टेबलाशी बसला होता. त्याला ऐकू गेलं असणारच. मान वर केली नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

दादाला विचारलं. "अगं, जुन्या घड्याळात व्हायचंच असं. साठ वर्षांत किती जणांनी उघडलं असेल कुणास ठाऊक!"

पटण्यासारखं आहे. पण हे सांगताना त्याने हातातला चिमटा खाली ठेवला. दादा बोलायला म्हणून कधी चिमटा ठेवत नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

डोक्यात एकच. तसली पट्टी बाजारात मिळत नाही. कंपनीने ते मशीन बनवणं कधीच सोडलं. म्हणजे ती दुसऱ्या घड्याळातूनच निघणार. आणि आमच्याकडे दुसरी घड्याळं येतात ती लोकांची. साफसफाईला, स्प्रिंग बदलायला. विश्वासाने ठेवून जातात. परत नेताना आत कोण बघतं? काटे फिरले की माणूस खूश.

हे मी सख्ख्या भावाबद्दल लिहिते आहे. लिहून झालं. खोडणार नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

कोपऱ्यावरचे शिंपीकाका घड्याळ साफ करायला देऊन गेले. त्याच कंपनीचं! दादा चहाला गेला तेवढ्यात मी झाकण उघडलं, फोटो काढला, बंद केलं. घाईत झाकण दोनदा निसटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. आज सगळं चांदणं माझ्याच मनात.

सोमवार, १० फेब्रुवारी

शिंपीकाकांचं घड्याळ तयार. पुन्हा उघडून फोटोशी ताडून पाहिलं. तोच नंबर. तेच स्क्रू. पट्टीवरचा चरासुद्धा तोच.

हायसं वाटायला हवं होतं. वाटलं काय, तर — याला कळलंय! म्हणून या खेपेला हात आवरला. संशयाला निर्दोषपणा खाऊ घातला तरी तो त्यावरही पोसतो.

संध्याकाळी शटर ओढताना दादा म्हणाला, "काय फौजदार, लागला का तपास?"

मी हसले. तोही हसला. पण माझ्याकडे न बघता.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

तीन जुनी घड्याळं विक्रीला आली. नेहमीसारखे तबकडीचे फोटो काढले, कार्डं लिहायला बसले. फोटोबरोबर कार्ड दिसलं की गिऱ्हाइकांचे फोन लगेच सुरू होतात, म्हणून मी कार्ड आधी लिहिते आणि मग घड्याळ दादाकडे आत जातं. मला मशीन धुवायच्या रॉकेलचा वास सोसत नाही, त्याला दोन ओळी लिहायचा कंटाळा. अशी ही वाटणी.

'सर्व भाग मूळ' — इथे आज पेन अडलं.

लिहिलं तरी. सवय.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

भिंगवाल्यांचा फोन. "बाई, रविवारपर्यंत थांबतो. नाहीतर आमच्या संग्राहकांच्या ग्रुपवर लिहावं लागेल." आवाज अगदी मऊ. ग्रुपवर एकदा आलं की संपलं. आप्पांनी एका स्टुलावर सुरू केलेलं दुकान — आणि मुलांनी चोर म्हणवून घेऊन बंद करायचं?

वहिनींना आडून आडून विचारलं, दादा हल्ली काही बोलतो का. त्या पोळ्या लाटत होत्या. "वन्सं, सरळ त्यांनाच विचारा की. तुमच्या भावाच्या पोटातलं बाहेर काढायला मला एकवीस वर्षं लागली. त्यातलंही निम्मं अजून आतच आहे!"

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सापडली.

दादाच्या टेबलाखालच्या भंगाराच्या डबीत. गंजाने अर्धी खाल्लेली पट्टी. भिंगाखाली धरली. भिंगवाल्यांच्या झाकणातला नंबर, एकेक आकडा तोच.

म्हणजे साठ वर्षांतल्या कुणी नाही. दादानेच बदलली. तोंडावर खोटं बोलला माझ्या!

शनिवार, १५ फेब्रुवारी

बोलले. ती पट्टी त्याच्यापुढे कागदावर ठेवली.

"दुसरी कुठून काढलीस?"

त्याने पट्टी उलटी करून पाहिली.

"दादा, कुणाच्या घड्याळातून?"

"कुणाच्या म्हणजे?"

"गिऱ्हाइकांच्या."

शब्द बाहेर पडला. त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. भोवती लाल वर्तुळ उमटलेलं. तो चिडेल अशी माझी तयारी होती. चिडला नाही. नुसता बघत राहिला, एखादं घड्याळ हातात घ्यावं आणि ते कुठल्या कंपनीचं हेच ओळखू येऊ नये तसा.

"इतकी वर्षं शेजारी बसतेस गं," एवढंच म्हणाला. चपला घातल्या आणि निघून गेला.

दुपारी वहिनींचा फोन. "जेवले नाहीत. काय बोललात, वन्सं?"

'दुकानात गिऱ्हाईक आहे' म्हणून मी फोन ठेवला. आणि तरी मनात — चोर नाही, तर सांगत का नाही?

रविवार, १६ फेब्रुवारी

सकाळी दादाने घरी बोलावलं. माझ्यासमोर बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला. आत आप्पांची स्वतःची चार घड्याळं, त्याच कंपनीची. तीन आतून पोकळ.

"तू कार्डावर सही करून मोकळी होतेस. मग मी उघडतो, तर कधी गंज, कधी नकली भाग. तुझी सही खोटी ठरू देऊ?"

मी चौथं उचलून कानाशी धरलं. चालू होतं. मंगळवारी मी लिहिलेल्या एका कार्डापायी दादा ते उद्या उघडणार होता.