मागितलं तेवढंच

माय, तुला नांदेडहून जयभीम.

मी बरी हाय, डबाबी चांगला मिळतोय. तुझे गुडघे कसे हायत?

दादा गेल्यापासून तू त्यांचा पेपरातला एकुलता एक फोटो मागतेस. वाचनालयातली त्या पेपराची फाईल वाळवीनं खाल्लेली निघाली. पण तेच पान दोन वर्षांमागं मी एका प्राध्यापकासाठी स्कॅन केलं होतं. आमच्या ऑफिसात जुनी पानं शोधून गिऱ्हाइकाला मागितला तेवढाच मजकूर पाठवतात, बाकीचं कापून पुसून टाकतात. त्या प्राध्यापकाला फोटोच्या शेजारची बातमी पाहिजे होती. फोटो कुणाचा, मी बघितलंबी न्हाई. दादांचा, माझ्या बापाचा, चेहरा माझ्याच हातानं गेला.

त्या कापलेल्या स्कॅनच्या कडेला त्यांचा खांदा तेवढा उरलाय, तू विणलेल्या मफलरसकट. तो सोबत पाठवतेय. फ्रेम आणली असशील तर दुकानात परत दे.

तुझीच,
बुद्धप्रिया