जाऊन राह्यली होती

९ जानेवारी

आज कोर्टात आपल्याच साहेबांची किळस आली. उठून मागच्या नळावर गेले, तोंड धुतलं, परत येऊन रंगराव साहेबांच्या शेजारी बसले. ज्युनिअर ना मी त्यांची!

भागिरथाची उलटतपासणी होती. तिनं नवऱ्याकडे खावटी, म्हणजे पोटगी, मागितली आहे. नरेंद्रनं तिला घराबाहेर काढलं, दोन पोरी घेऊन भावाच्या भाजीच्या वाडीत राबते. नरेंद्र आमचा पक्षकार. त्याचं म्हणणं, बाई गावातल्या मास्तराजवळ राहते, मग खावटी कशाची? खरी गोष्ट त्यानं स्वतःच ऑफिसात सांगितली होती — दिवाळीत ती मास्तराकडून तक्रारअर्ज लिहून घ्यायला निघाली होती, यानं वाटेतच धरून मारलं.

साहेबांनी विचारलं, "दिवाळीत मास्तरच्या घरी तुझं काय काम होतं?"

"मी तं मास्तरच्या घरी जाऊन राह्यली होती, अर्ज —"

"बस. विचारलं तेवढंच सांग."

जाऊन राह्यली होती. म्हणजे जात होती. आमच्याकडे शेंबडं पोरही असंच बोलतं. पण जजसाहेब सावंतवाडीकडचे, बदली होऊन दोन महिनेही झाले नाहीत. त्यांनी तरी थांबून विचारलं, "जाऊन राहिला होतात?"

"हो साहेब."

मग त्यांनी टाइप करून घेतलं: 'मी मास्तरांच्या घरी जाऊन राहिले होते.' तिला वाचून दाखवलं. तिला ते तिच्याच भाषेत ऐकू आलं. मान हलवली, सही केली. तिचा वकील मोबाईलमध्ये डोकं घालून. रंगराव साहेबांनी खाली बसताना मला कोपरानं ढोसलं.

मी पण गप्प.

१० जानेवारी

ऑफिसात दिवसभर तोच विषय. आदर्श — दुसरा ज्युनिअर — चहाचा कप घेऊन भागिरथाचा आवाज काढत होता, "साहेब, मी चा पिऊन राह्यली." साहेब खुर्चीत मागे रेलून हसले. त्यांच्या तोंडातला तंबाखूचा खर्रा दिसला. शिसारी आली.

मी म्हटलं, "साहेब, कोर्टाले सांगाले पायजे."

"तू वकील हाय का जज? जजनं सोता विचारलं, बाईनं हो म्हटलं. आपण कुठं खोटं बोललो?"

मुद्दा कायद्यात बसत होता. याचाच जास्त राग आला.

११ जानेवारी

शेलूबाजारहून बाबांचा फोन. गावभर सांगतात, आमची सपना बॅरिस्टर आहे. जजच्या लेखी परीक्षेत पास झाल्यापासून आणखीच चढलेत. आज विचारत होते, "बॅरिस्टर अन् जज, फरक काय असते वं त्यात?"

"मंग सांगतो बाबा, काम हाय," म्हणून ठेवला.

६ फेब्रुवारी

साहेब नागपूरला. युक्तिवाद मीच केला. ते वाक्य मी वाचलं. माझ्या आवाजात.

जजसाहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही याच भागातल्या ना? साक्षीदाराला हेच म्हणायचं होतं?"

त्यांना शंका आली होती. रंगराव साहेबांना नाही, आदर्शला नाही — मला विचारलं. एक वाक्य बोलायचं होतं. भागिरथा मागच्या बाकावर बसली होती, धाकटी पोरगी मांडीवर झोपलेली.

"रेकॉर्डवर आहे तेच आहे, सर."

किती स्वच्छ बोलले! वऱ्हाडीचा मागमूस नाही.

७ फेब्रुवारी

कालपर्यंत साहेबांची किळस येत होती. आता ती सोय उरली नाही.

२ मार्च

मुंबई. मुलाखत झाली. मंडळातल्या एका बाईंनी विचारलं, वकील आणि न्यायाधीश यांच्यात फरक काय? बाबांचाच प्रश्न. मी म्हटलं, "वकिलानं एका बाजूचं नीट मांडायचं असतं, न्यायाधीशानं दोन्ही बाजूंचं नीट ऐकायचं असतं. पण कोर्टाची दिशाभूल दोघांनीही करायची नसते." तिघांनी माना हलवल्या. एकानं काहीतरी लिहून घेतलं, बहुतेक चांगलंच.

बाहेर येऊन बाकावर बसले. हात पुसत राहिले रुमालानं. हात कोरडेच होते.

११ मार्च

निकाल लागला. भागिरथाचा अर्ज फेटाळला. ते वाक्य निकालपत्रात दोनदा आहे.

संध्याकाळी एसटी स्टँडवर ती भेटली. मी तोंड फिरवलं होतं, तिनंच हाक मारली. रागावलेली नव्हती. तेच सहन झालं नाही.

"मॅडम, जजसाहेब म्हणे म्या मास्तरच्या घरी राह्यल्याचं कबूल केलं. कवा केलं वं म्या?"

मी बॅगेत काहीतरी शोधत बसले.

"माह्या पोरीले शाळेतल्या पोरी चिडवून राह्यल्या. तुमी तं आपल्याच भागातल्या. तुमाले तं समजलं असंल ना, मी काय म्हटलं ते?"

कारंज्याची गाडी लागली. मला कारंज्याला जायचंच नव्हतं. तरी चढले. पुढच्या थांब्यावर उतरून चालत परत आले.

२७ मार्च

यादी लागली. माझं नाव आहे.

बाबा फोनवर रडले. पेढे घेऊन घरोघर जाणार म्हणाले. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, "माह्या हाताखाली तयार झाली पोरगी!" खरंच आहे. त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

२८ मार्च

उद्या कोणी बाई समोर उभी राहील, तिचं बोलणं मी ऐकायचं. आणि एखादी सपना खाली गप्प बसलेली असेल. मला ती ओळखू येईल? येईल. मग तिला काय म्हणणार मी?

४ एप्रिल

भागिरथा निकालाविरुद्ध वाशिमला वरच्या कोर्टात गेली आहे. आज तिच्या नव्या वकिलांकडे माझं शपथपत्र दिलं. शब्दाचा अर्थ काय, तो त्या दिवशी कोणाकोणाला ठाऊक होता, आणि जजसाहेबांनी विचारल्यावर मी काय उत्तर दिलं. सगळं लिहिलं. ते वाचून म्हणाले, "मॅडम, नेमणूक जाईन तुमची. सनदही जाऊ शकते."

सही करून आले. बाबांना अजून सांगायचं आहे.