गॅलरीतून मारलेली हाक

पंतनगर, घाटकोपर (पूर्व)
१७ नोव्हेंबर २०२४

प्रिय सपना,

तुझं पत्र येऊन दीड महिना झाला. रोज उत्तर लिहायला बसते आणि काहीतरी निमित्त काढून उठते. तब्येत विचारली आहेस. गुडघे सोडले तर मी बरी आहे. आमचे हे, तुझे श्यामसुंदरकाका, गेल्याला चार वर्षं झाली. त्यांची आरामखुर्ची अजून गॅलरीत आहे, तिच्यावर आता समोरच्या बिल्डिंगचं मांजर हक्काने झोपतं.

तुझी आई गेल्याचं तुझ्या पत्रातूनच कळलं. सुंदराबाई माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठ्या. सकाळी साकीनाक्याला कारखान्यात निघताना तुला माझ्या दारात सोडायच्या आणि जिन्यातूनच ओरडायच्या, "ताई, दूध पिल्याशिवाय खेळायला सोडू नका हो तिला!" तो आवाज अजून कानात आहे.

जान्हवीचा फोटो पाहिला. भुवया थेट तुझ्या. अंबादासमामा तिला रोज शाळेत सोडतात, आणि त्यांना डाव्या कानाने हॉर्न ऐकू येत नाही म्हणून ती पाच वर्षांची पोर मुद्दाम त्यांच्या डाव्या बाजूने चालते, असं तू लिहिलंस. त्या ओळीवरून मी पुढे जाऊच शकले नाही. पत्र घडी करून ठेवलं. दोन दिवसांनी पुढचं वाचलं.

पुढे तू लिहिलं होतंस, "मावशी, मला शिवला होतास तसा चुण्यांचा पिवळा फ्रॉक जान्हवीला शिवून देशील? मला मुंबईतलं दुसरं काही आठवत नाही. तो फ्रॉक आणि तुझा हात, एवढंच."

कापड आणलंय. पण तू माप पाठवायला विसरलीस आणि मला आयतं निमित्त मिळालं. खरं कारण माप नाही. ते सांगायचंच आहे, पण आधी इथली एक गंमत ऐक.

आमच्या बिल्डिंगमध्ये सिनेमाचं शूटिंग झालं! दुसऱ्या मजल्यावरचा केयूर. तू गेल्यानंतरचा जन्म त्याचा. माझ्याकडे इंग्रजीच्या शिकवणीला यायचा, स्पेलिंगच्या नावाने आनंद. आता नोकरी सोडून सिनेमा काढतोय. सिनेमा म्हणजे एक कॅमेरा, नऊ-दहा मुलं आणि त्याच्या आईने पातेलंभर केलेले पोहे. गोष्ट अशी, की एक माणूस रडणाऱ्या लहान मुलीला हाताला धरून घेऊन चाललाय. एक रिक्षावाला, एक ऑफिसातली बाई आणि एक विमा एजंट, एकमेकांना न ओळखणारे तिघं, त्याला पोरं पळवणारा समजून दिवसभर त्याच्या मागे लागतात.

"काकू, तुमची गॅलरी द्या ना एक दिवस. तुमच्या घरात अजून नव्वद साल आहे," केयूर म्हणाला.

"मेल्या, घर आहे ते, म्युझियम नाही," मी म्हटलं. पण दिली. घरात चार पोरांचा आवाज होईल म्हणून दिली, खोटं कशाला बोलू?

मी त्याला विचारलं, "तो माणूस खरंच पोर पळवतोय का रे?"

"ते शेवटपर्यंत सांगायचंच नाही, काकू. लोकांना काय दिसतं, त्यावर पिक्चर आहे."

कपडे बघायला गंधाली नावाची मुलगी होती. तिने बाजारातून आणलेला चमचमणारा फ्रॉक केयूरला पसंत पडेना. "असा नको गं. बघताक्षणी वाटलं पाहिजे, की ही पोर ह्या माणसाची असूच शकत नाही." मी उठले, कपाट उघडलं आणि तुझा पिवळा फ्रॉक आणून त्यांच्यासमोर ठेवला. का आणला, ते मलाही सांगता येणार नाही. एकोणतीस वर्षं तो कुणाला दाखवला नव्हता.

गंधालीने हातात घेतला आणि म्हणाली, "काकू, हे टाके तुम्ही घातलेत? हाताने?"

हो, हाताने. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना शिवणाच्या तासाला आम्हाला हेच शिकवायच्या. छातीवर केसाएवढ्या बारीक चुण्या घ्यायच्या, त्यांवर रंगीत धाग्याचे टाके. एक टाका वाकडा गेला की अख्खी ओळ उसवायला लावायच्या. "फॉर युवर ओन लिटल गर्ल वन डे," असं म्हणायच्या. माझ्या पदरात मूल पडलं नाही. मग मी तुला शिवला.

सिनेमात तो माणूस झालेला मुलगा प्रितम. साकीनाक्याचाच, कुरिअरच्या ऑफिसात काम करून नाटकं करतो. उन्हाने रापलेला, किडकिडीत. छोटी मुलगी तो फ्रॉक घालून त्याच्या शेजारी उभी राहिली तेव्हा तो हसून म्हणाला, "झकास! आता मला अ‍ॅक्टिंग करायचीच गरज नाही. ह्या फ्रॉकशेजारी माझं हे थोबाड बघितलं की पब्लिक मला आपोआप चोर समजणार." सगळी मुलं हसली. मी चहा गाळत होते. मान वर केली नाही.

गॅलरीतून ओरडणारी बाई व्हायला जी येणार होती, ती आलीच नाही. केयूर माझ्यासमोर हात जोडून उभा. "काकू, एकच वाक्य आहे. 'अरे पकडा त्याला, पोर पळवतोय!' बस. एवढं करा, प्लीज."

मी गॅलरीत उभी राहिले. दुपारचे तीन वाजले असतील. खाली प्रितम त्या मुलीचा हात धरून गेटकडे चालला होता. ती छान रडत होती, आईने चॉकलेट कबूल केलं होतं ना. चालता चालता तिने मान वळवून वर पाहिलं. पिवळा फ्रॉक, आणि वर वळलेली ती मान.

सपना, मी ओरडले. घसा फुटेस्तोवर ओरडले. "थांबा! कुणी हात लावू नका त्याला! मामा आहे तो तिचा!"

खाली केयूर डोक्याला हात लावून म्हणाला, "कट! काकू, पाचव्या मिनिटाला पिक्चर संपवलात की हो!" सगळे पोट धरून हसले. मीही हसल्यासारखं केलं. शेवटी ते वाक्य गंधालीने म्हटलं.

प्रितम तेवढा हसला नाही. पाणी प्यायला वर आला आणि हळूच म्हणाला, "काकू, कोण होता तो?"

मी त्याला सांगितलं नाही. पहिल्यांदा सांगायचं तर तुलाच सांगायला हवं.

तुमच्या घरात ही गोष्ट कशी सांगतात, ते मला माहीत आहे. गर्दीत कुणीतरी ओरडलं, लोकांचा गैरसमज झाला, मामाला मार बसला, डावा कान गेला. ते 'कुणीतरी' म्हणजे मी.

आणि गैरसमज लोकांचा झाला. माझा झाला नव्हता.

त्या दिवशी सकाळी सुंदराबाई सांगून गेल्या होत्या, "ताई, दुपारी माझा भाऊ यील परभणीहून. त्याच्यासंगं धाडा तिला. आता आजीपाशीच शाळेत घालतो." जूनमध्ये तुला मी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये घालायचं, असं मी मनात ठरवून टाकलं होतं. प्रवेशाचा फॉर्म आणून भरूनही ठेवला होता, तुझ्या आईला एका शब्दाने न विचारता. पालकाच्या रकान्यात पेन्सिलीने माझं नाव लिहून पाहिलं होतं. मग खोडलं होतं.

मामा आले. दारात चपला काढून उभे राहिले. रात्रभर एसटीत बसून आलेले, शर्टावर धूळ. मी पाणी दिलं. तुला तो फ्रॉक घातला, बुटांचे बंद बांधले आणि तुझा हात मीच त्यांच्या हातात दिला. मीच, सपना. मी त्यांना ओळखत होते.

तुला ते अनोळखी. खाली गेल्यावर तू रडायला लागलीस. गेटपाशी वळून वर बघितलंस आणि हात पसरून "मावशी!" म्हणालीस. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे थांबवा त्याला! कुठे नेतोय माझ्या पोरीला?"

मला फक्त तुला थांबवायचं होतं. एवढंच, असं मी एकोणतीस वर्षं स्वतःला सांगत आले.

नाक्यावरची माणसं धावली. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, फ्रॉककडे पाहिलं, मग मामांकडे पाहिलं, आणि त्यांचं ठरून गेलं. मामा हात जोडून म्हणत होते, "भाची हाय माझी, वरच्या ताईंना इचारा." सगळ्यांनी वर पाहिलं. तेव्हा मी एक शब्द बोलले असते तरी पुरे होतं. मी आत सरकले. पडद्याच्या मागे. जिना सतरा पायऱ्यांचा आहे, मी उतरले नाही. नंतर हवालदाराने विचारलं तेव्हा सांगितलं, "मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं." श्यामसुंदरकाकांनाही तेच सांगितलं. ते तसेच गेले.

आठवड्याने सुंदराबाई फ्रॉक परत घेऊन आल्या. धुऊन, इस्त्री करून. ओढाताणीत खांद्यावर फाटलं होतं तिथे त्यांनी शिवलं होतं, साध्या पांढऱ्या दोऱ्याने. म्हणाल्या, "ताई, हा तुमच्यापाशीच असू द्या. ह्याच्यात ती लोकांना तुमची वाटली." बाकी काही नाही. त्यांना ठाऊक होतं का? मला कधी कळलं नाही, आणि आता विचारायला त्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. तुला जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून ओरडले, आणि तू अशी गेलीस, की तुझं बोट पुन्हा माझ्या हातात आलं नाही.

तरी खरं सांगते, वाट पाहिली. दर जूनमध्ये, शाळांच्या पहिल्या दिवशी, गॅलरीत उभी राहून.

आता तुझ्याकडे मागणं आहे. हे पत्र मामांना वाचून दाखव. त्यांनी परवानगी दिली तर मी परभणीला येईन, त्यांच्या उजव्या बाजूला बसेन आणि त्यांना ऐकू जाईल असं सगळं सांगेन. माफी मागणार नाही. ती द्यायची का, ते त्यांचं त्यांनी बघावं.

फ्रॉकचं काय करायचं ते तू ठरव. अजून हवा असेल तर दुसरं काही लिहू नकोस, फक्त जान्हवीच्या छातीचं आणि उंचीचं माप पाठव. एका ओळीत. माप आलं तर मी त्याच दिवशी चुण्या घ्यायला बसेन. नाही आलं तर मला समजेल, आणि मी तुला पुन्हा त्रास देणार नाही.

मामांच्या डावीकडून चालणाऱ्या त्या पोरीला माझे अनेक आशीर्वाद.

तेव्हा सतरा पायऱ्या न उतरलेली,
तुझी नीलामावशी