बारा फोटो आणि दोन बाटल्या

४ जानेवारी २०२५, सकाळ
आजपासून पुन्हा फिल्म फोटोग्राफी. मोबाइलवर फोटो काढणं म्हणजे पाठांतर न करता पास होणं. कपाटातून जुना कॅमेरा काढला. आत ब्लॅक-अँड-व्हाइट रोल अर्धवट आहे. बारा फोटो, मीनलचे. पण मुख्य हेतू शास्त्र शिकणं हाच.

दुपार
लेकीला, हिमानीला, फोनवर सांगून बसलो. आईचे फोटो, आधी एवढंच म्हणाली. केमोत केस गेल्यावर मीनल मोबाइल समोर धरू देत नसे. शेवटच्या महिन्यात गच्चीवर स्वतःच म्हणाली, "त्या जुन्या कॅमेऱ्यात काढा. त्यात लगेच बघावं लागत नाही." त्याला दोन वर्षं झाली. हिमानी म्हणते, रोल लॅबमध्ये द्या. परक्या माणसाने तिला आपल्याआधी बघायचं? रोल घरीच धुणार.

९ जानेवारी
उल्हासनगर, कॅम्प दोन. केमिकल मिळालं. स्टुडिओवाले सिंधी शेठ म्हणाले, "साईं, पहले कोई फालतू रोल धोओ. हाथ बैठने दो." पंचवीस वर्षं वार्ताहर आहे, वाचलेलं समजतं, असं मी नम्रपणे सांगितलं. त्यांनी तरीही बाटल्यांवर मार्करने एक आणि दोन लिहून दिलं.

११ जानेवारी
आकडे पुसले. आकडे किराण्याच्या डब्यांना शोभतात. फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या बाटलीला 'दर्शन' अशी चिठ्ठी लावली, उमटलेलं कायम टिकवणाऱ्या बाटलीला 'स्थापना'. हिमानीने फोनवर विचारलं, बाबा, एक-दोनमध्ये काय वाईट होतं? संस्कृत न घेतल्याचे परिणाम.

१८ जानेवारी
सराव झाला नाही. आधी पालिकेची सभा, मग खोकला. मनातल्या मनात मात्र तीनदा केला. तिन्ही वेळा उत्तम.

२६ जानेवारी, दुपारी १२
सुट्टी. हिमानी पालेगावहून आली. बाथरूमच्या फटींना चादरी लावल्या. अंधारात रोल धुण्याच्या डब्यात पहिल्या फटक्यात बसला. शेठना कळवायला हवं.

१२.४०
पहिली बाटली ओतली. हिमानी दाराबाहेरून मिनिटं सांगते आहे. अक्षर वाकडं येतंय ते ओल्या बोटांमुळे.

१.२०
फिल्म कोरी. आरपार बादली दिसते. कडेचे कंपनीचे आकडेसुद्धा नाहीत. माल खराब असणार. हल्ली कंपन्या पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत.

१.४५
हिमानीने विचारलं, "बाबा, आधी कुठली ओतलीत?"
आधी स्थापना, मग दर्शन. तीस वर्षं घरच्या गणपतीची पूजा मीच सांगतो. हात त्याच क्रमाने गेला. टिकवणारं आधी ओतलं तर उमटण्याआधीच सगळं धुऊन जातं, हे माहितीपत्रकात ठळक छापलं आहे. मी त्याखाली रेघ मारली होती.

४.००
हिमानी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मग तिने विचारलं, आई हसत होती का त्यांत.
बाराही फोटोंत, मी म्हणालो.
खरं तर मला आठवतं ते एवढंच, की ऊन टाकीच्या बाजूने येत होतं आणि मी तिला सारखं मान डावीकडे कर म्हणत होतो.
फिल्म हॉलमध्ये दोरीवर चिमटे लावून वाळत घातली. ओल्या फिल्मवर धूळ बसते, असं सहज बोललो. हिमानीने उठून पंखा बंद केला.