माझ्याच नावाचा ठिपका

सोमवार, ४ जून
आलो बुवा एकदाचे! नोकरी नवी, आणि सातव्या मजल्यावर कंपनीचंच घर, त्यामुळे बायको खूश. आमची ठकी रिकाम्या खोल्यांतून नुसती हुंदडतेय. माझं काम वायफायचं. प्रत्येक मजल्यावर छताला पांढऱ्या ताटल्यांसारखे ॲक्सेस पॉइंट चिकटवलेत. तेच नेट देतात आणि दारंही त्यांच्यामार्फत ज्याच्या-त्याच्या मोबाइलने उघडतात. राखण तर इतकी चोख, की अनोळखी उपकरणाची आत यायची टाप नाही. कोण कुठे आहे ते माझ्या पडद्यावर, इमारतीच्या नकाशात ठिपक्यांनी दिसतं. ठकीच्या मनगटावरचं घड्याळही मी जोडून टाकलं. आता कामात कितीही बुडालो तरी लेक डोळ्यांसमोर राहील.

बुधवार, ६ जून
आज गंमतच झाली. नकाशावर माझ्या मोबाइलचे दोन ठिपके! एक माझ्या काचेच्या खोलीत, दुसरा तळघरात. कुणीतरी टवाळाने माझ्या मोबाइलची नक्कल केली असणार. तळघरात जाऊन आलो, तर चिटपाखरू नाही. साहेब म्हणाले, तुझ्या जागेवरचा आधीचा माणूसही असंच काहीबाही सांगायचा, आता सुधारलाय, तिसऱ्या मजल्यावर बसतो. जाऊन भेटलो. हसतमुख आहे. असं कधी बोलल्याचं त्याला आठवतच नाही म्हणे.

गुरुवार, ७ जून
दुपारी दुसरा ठिपका सातव्या मजल्यावर होता. आमच्या घरात!
जिने चढत धावलो. बायकोला नवल वाटलं. म्हणाली, आत्ताच तर चहा पिऊन गेलास, ठकीशी पोटभर खेळलास, असाच मधेमधे येत जा. मी तर खुर्चीतून हललोही नव्हतो. ओरडलोच तिच्यावर. ठकी रडायला लागली. तिला मघाचा बाबा हवाय. तो ओरडत नाही, म्हणाली.
पण माझ्या पोरीला मी कुणाच्या हाती लागू देणार नाही.

शुक्रवार, ८ जून, सकाळ
तो पुन्हा वर आहे. घुसखोराला तोडायची सोय यंत्रणेत आहे. एकदा तोडला की एकही दार त्याला उघडत नाही. पण दोन्ही ठिपके हुबेहूब, निवडू कुठला? खरा कोण ते ठरवायचं यंत्रणेवरच सोपवून टाकलं. तिच्याकडे सगळ्या नोंदी असतात. चुकायची नाही.

त्यानंतर
माझा ठिपका लाल झाला. माझा!
दार उघडत नाही. मोबाइल बंद पडल्यात जमा. काच फुटत नाही — खुर्ची मोडली. बाहेरून दरवान गेला. मी ओरडतोय, त्याने आपल्या मोबाइलमध्ये पाहिलं, मान हलवली — गेला.

नकाशा चालू आहे अजून. ठकी आणि तो — लिफ्टने खाली. बायको घरीच. अगं, जाऊ दिलंसच कसं तिला —

तळघरात थांबलेत.

ठकीचे दोन ठिपके झाले.

एक त्याच्याबरोबर वर निघालाय, घरी. दुसरा तिथेच — अंधारात भिते गं ती — दुसरा लाल होतोय — ठकी, मी येतो, बाळा, बाबा आत्ता —