मिस्सात वाचलेलं नाव

मंगळ., २० जाने.
नातालीनला घेऊन गोव्याच्या हॉस्पिटलात. आमच्याच वाड्यातली, विधवा, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. रिपोर्ट आला. स्तनाचा कॅन्सर. डॉ. म्हणाले, दोन्ही वाटा चालतील : लगेच ऑपरेशन करून पूर्ण स्तन काढायचा, किंवा आधी इंजेक्शनं देऊन गाठ लहान करायची आणि मग थोडंच कापायचं. थांबायचं मात्र नाही. मी सगळं मालवणीत नीट सांगितलं. तिने एकच विचारलं, "इंजेक्शनांनी केस जातले?" जातील म्हटलं.

परतीच्या बसमध्ये : "ईस्टर होवंदे, मगे बघूया." ईस्टरनंतर सांद्राचं, तिच्या एकुलत्या लेकीचं लग्न. आदल्या दिवशी रोस. नवरीला नारळाचा रस पहिल्यांदा आई लावते, सगळ्यांचे डोळे आईवर. "व्हरांकडच्यांका कळला तर सोयरीक मोडतली. रोग रगतात आसा म्हणतले. सांद्राक पण सांगू नकात. तुमका माझी शपथ."

शुक्र., २३ जाने.
ना.कडे गेले. कॅलेंडरच्या पानामागे दोन्ही वाटा लिहून समजावल्या. तीस वर्षं शाळेत शिकवलं, ती खोड जात नाही. तरी तिचं ईस्टर, ईस्टर. शेवटी माझा तोल गेला. म्हटलं, आईच नसली तर रोस कोण लावणार? रडली. मग पदर सारखा करत म्हणाली, "कापूनच टाकूया. पदराखाली कोणाक दिसता?"
सोम. ९ फेब्रु.ला भरती. सांद्राला सांगायचं पित्ताचे खडे. खोटं पटलं नाही, पण होकार मिळाला! घरी येऊन समाधानाने जेवले.

गुरु., २९ जाने.
इगर्जीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, वहीत ना.साठी मिस्सा लिहिली, तिच्या नावाने प्रार्थना व्हावी म्हणून. बुधवारी सकाळची. आम्ही चार म्हाताऱ्याच असतो.

रवि., १ फेब्रु.
देवा, काय केलं मी हे.
फादरनी मिस्साच्या सुरुवातीला वाचलं, मोठ्याने, माइकवर : "नातालीन हिच्या कॅन्सरच्या ऑपरेशनसाठी." सांद्रा गाणाऱ्यांत उभी होती. हातातलं पुस्तक खाली पडलं. पुढच्या बाकावर नवऱ्या मुलाची मावशी. ती वळली.
ना. फादरकडे नाही, माझ्याकडे बघत होती.
नंतर फादर म्हणाले, "टीचर, रविवारी जास्त माणसं प्रार्थना करतील, म्हणून आजच घेतली." त्यांना काय बोलणार? अक्षर माझं. देवाला काय तो शब्द लिहून द्यावा लागतो?
जेवण गेलं नाही.

सोम., २ फेब्रु.
ना.च्या दारात गेले. सांद्रा बाहेर आली.
"टीचर, तुमका ठावक होता?"
"होय."
"आणि माकाच नाय सांगलास?"
"तुझ्या आईने शपथ घातली होती गो."
"मगे वहीत कित्याक लिवलास?"
आत ना. होती. बाहेर आली नाही.

शुक्र., ६ फेब्रु.
व्हरांकडून, नवऱ्या मुलाच्या घरून, फोन नाही, निरोप नाही. मावशी बाजारात दिसली, मला बघून दुसऱ्या बाजूने गेली. लाज वाटते. भीतीही, ना. सोमवारी आलीच नाही तर...

सोम., ९ फेब्रु.
हॉस्पिटलच्या बाकावर. वही पिशवीत होती म्हणून लिहितेय.
सकाळी स्टँडवर दोघी आल्या. जीव भांड्यात पडला. सांद्राने माझ्या हातातली फाईल घेतली. रागाने नाही, पण घेतली. व्हरांचं मी विचारलं नाही.
नाव पुकारलं तशी मी सवयीने उठले. ना. म्हणाली, "टीचर, तुमी हंयसरच बसा." लेक आत गेली तिच्याबरोबर. अर्धा तास झाला.
दाराला काच आहे. ऐकू काही येत नाही. डॉ.नी ऑपरेशनचा फॉर्म पुढे केला. ना.ने तो हाताने बाजूला सारला. आता ती स्वतःच्या डोक्यावरून, केसांवरून हात फिरवून त्यांना काहीतरी विचारतेय. सांद्राने तिचा दुसरा हात धरलाय.
पदराखाली कोणाला दिसतं, म्हणाली होती. लपवता यावं म्हणूनच कापायला निघाली होती. आणि मी त्या दिवशी समाधानाने जेवले.