ओमुंदच्या पेल्यातल्या खुंट्या

३ फेब्रुवारी १९३१, मंगळवार
शेजारचा ओमुंद काल गेला. आज त्याची विधवा, ओलीनेकाकू, त्यांच्या घराण्याचा चांदीचा पेला घेऊन आल्या. पेला मोठा, झाकणाचा. आत उभ्या ओळीत आठ खुंट्या. दफनानंतर तो पंगतीत फिरतो, आणि ज्याने त्याने एका खुंटीपासून पुढच्या खुंटीपर्यंतच प्यायचं. एक खुंटी निखळली आहे.
"शनिवारच्या आत बसव रे तोर्गेर! नाहीतर म्हातारे तिथेच भांडतील, तू जास्त प्यालास, तू जास्त!" काकू ह्यांना म्हणाल्या, हसल्या, आणि हसता हसता रडल्या.
ह्यांनी पेला उपडा करून तळाचा ठसा दाखवला. बर्गेनचा कुणी सोनार, दोनशे वर्षांपूर्वीचा. "काय हात होता ह्याचा! मी आपला तुटकं-फुटकं झाळून देणारा."

४ फेब्रुवारी
ह्यांना म्हटलं — सगळ्याच खुंट्या जरा वर, जवळ जवळ बसवा ना. प्रत्येकाच्या पोटात तेवढीच कमी बिअर जाईल.
"त्या माणसाच्या कामाला मी हात लावू?"
"देवासाठी. दारू पाप आहे."
बराच वेळ कानस चालू राहिली. मग म्हणाले, "बरं."
केवढा आनंद झाला मला!

६ फेब्रुवारी
पेला पोचवला. झाकण उघडून पाहिलं नाही. जुन्या बिअरचा वास मला सहन होत नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार
दफन झालं. सायीची लापशी, रोटी, मग पेला. आम्ही बायका चुलीपाशी.
"खुंटी दिसते का रे, की चष्मा देऊ?"
"दिसते, दिसते! तू आपला घोट मोज!"
शेवटचा वाटा थोरल्या मुलाचा. त्याने पेला रिकामाच करायचा, थेंब ठेवला तर मेलेल्याचा अपमान. थोरला म्हणजे आयलिव्ह! तीन वर्षं तो दारूला शिवलेला नाही, तेव्हाच तर त्याची बायको बोर्घिल्ड पोरांना घेऊन परत नांदायला आली. काकू हळूच म्हणाल्या, "तळाशी घोटभरच असते."
त्याने पेला तोंडाला लावला. संपेचना असं वाटलं. माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. अगं मूर्ख बाई — सगळ्यांच्या वाट्यातून जे काढलंस, ते गेलं कुठे? तळाला! त्याच्या वाट्याला!

८ फेब्रुवारी
आयलिव्ह रात्री घरी आला नाही. सकाळी होडीच्या शेडमध्ये सापडला, दारू पिऊन पडलेला. बोर्घिल्ड पोरांना घेऊन माहेरी गेली.

९ फेब्रुवारी
हे बोटीने बर्गेनला गेले, आठवडाभराचं काम आहे. ह्यांना काही बोलले नाही. तोंडच नव्हतं.

११ फेब्रुवारी
प्रार्थनेला गुडघे टेकते आणि तशीच उठते. मला घमेंड होती, आपण चार माणसांना पापातून वाचवलं!

१३ फेब्रुवारी
काकूंकडे गेले. सगळं सांगून टाकलं. वाटलं, दाराबाहेर काढतील. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "म्हणजे माझा पोरगा आपणहून नाही दारूकडे वळला! हे आत्ताच्या आत्ता बोर्घिल्डला कळवते."

१५ फेब्रुवारी, रविवार
प्रार्थनाघरात उभी राहून सर्वांसमोर कबूल केलं. मागून कुणीतरी, "आम्हाला शहाणपण शिकवायला निघाली होती!" बरोबरच बोलली ती.
बोर्घिल्ड आली होती. आयलिव्हशेजारी बसली, पोरं मध्ये. त्याने पुन्हा दारू सोडण्याची शपथ घेतली. माझ्याकडे मात्र एकदाही पाहिलं नाही. कसा पाहील! मी त्याचं वाटोळं करायला निघाले होते.

१७ फेब्रुवारी
हे परतले. ह्यांचीही माफी मागितली, माझ्या हट्टापायी तुमच्या हातून नको ते काम झालं म्हणून. हे बूट काढता काढता थांबले.
"अगं, मी फक्त निखळलेली बसवली, जुन्याच जागी. बाकीच्यांना हातसुद्धा लावला नाही. तुला नाही म्हणवेना, म्हणून बरं म्हटलं."
म्हणजे आयलिव्हला घोटभरच होती. बाकीची तो आपणहून प्यायला.
ह्यांना बायबलवर हात ठेवायला लावला — गावात कुणालाही सांगायचं नाही.